डोकं रक्तातनं येतं म्हणणाऱ्यांनीच आधी शाळेचं बघावं

‘त्याला डोकंच नाही, शिकवून काय उपयोग’ हे वाक्य आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात इतक्या सहज बोललं जातं की आपण एका पोराचं आयुष्य ठरवून टाकतोय असं बोलणाऱ्याला वाटतसुद्धा नाही. नववीतल्या पोराला गणित जमेना झालं की बाप म्हणतो आमच्या घराण्यातच कुणाला जमलं नाही, सर मान डोलवतात, आणि दहावीत गचकलं की पोरगं उद्यमबागला एखाद्या फाउंड्रीत नाहीतर वडगावात मागावर. पोरगी असली तर एवढी पण चर्चा होत नाही, सरळ स्थळं बघायला सुरुवात. उलट डॉक्टरचं पोरगं डॉक्टर झालं की लगेच ‘खाण तशी माती’. म्हणजे नापास झाला तरी रक्त, पास झाला तरी रक्त, आणि शाळा कशी होती, घरात काय होतं, पोटात काय होतं हे विचारायची कुणाला गरजच उरत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हुशारीत जीन्सचा, म्हणजे आईबापाकडनं येणाऱ्या जनुकांचा, वाटा आहे, तो नाकारण्यात काही अर्थ नाही, ज्यानं दोन पोरं वाढवलीत त्याला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण तो वाटा दिसून यायलासुद्धा आधी पोटभर जेवण, पोराशी बोलणारं घर आणि धड शाळा लागते. त्यामुळं ज्याचा रक्तावर खरोखर विश्वास आहे त्यानं तर गावच्या सरकारी शाळेसाठी सगळ्यात जास्त भांडायला पाहिजे, कारण त्याशिवाय कुणाच्या रक्तात काय आहे हे त्याला कधी कळणारच नाही.

रक्तवाल्यांची बाजू आधी घेऊ, आणि नीट घेऊ, कारण ती बाजू कच्ची नाही. १९७९ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरात वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास सुरू केला. एकसारखी जुळी, म्हणजे जीन्स जवळपास तेच, आईबाप मात्र वेगळे, घर वेगळं, शाळा वेगळी. १९९० साली त्यांनी मांडलं की या लोकांच्या आयक्यूमधल्या, म्हणजे बुद्धीच्या चाचणीतल्या गुणांमधल्या, फरकाचा साधारण ७० टक्के भाग जनुकांशी जोडता येतो. त्याच्या आधी इंग्लंडात सिरिल बर्ट या मानसशास्त्रज्ञानं जुळ्यांचे जे आकडे छापले होते त्यांच्यावर त्यांच्या मृत्यूनंतर बनावटपणाचा आरोप झाला, आणि काहीजण त्याचा आधार घेऊन जुळ्यांचे सगळेच अभ्यास उडवून लावतात, ते मला पटत नाही. मिनेसोटाचं काम वेगळं आहे, आणि नंतर इतर देशांतल्या जुळ्यांवर आणि दत्तक मुलांवर जे अभ्यास झाले त्यातही जनुकांचा वाटा बऱ्यापैकी मोठा निघतो. वय वाढेल तसा तो वाटा वाढतो असंही दिसलंय, म्हणजे तान्ह्या वयात कमी, मोठेपणी जास्त.

आता या ७० टक्क्यांचा अर्थ काय लावायचा, सगळी गडबड तिथं होते. लोकांना वाटतं माझ्या डोक्यातला सत्तर टक्के माल आईबापाकडनं आला आणि तीस टक्के शाळेतनं. असा त्याचा अर्थच नाही. तो आकडा एका माणसाबद्दल काहीच सांगत नाही, तो एका गटातल्या माणसामाणसांमधल्या फरकाबद्दल आहे, आणि तो गट ज्या परिस्थितीत राहतो त्या परिस्थितीपुरताच खरा आहे. आमच्याकडं भात लावणाऱ्याला हे पटकन समजेल. एकाच पोत्यातलं बियाणं घ्या, त्यात दाणा न् दाणा थोडा वेगळा असणारच. अर्धं चांगल्या पाण्याच्या, खत घातलेल्या शेतात लावा आणि अर्धं माळावरच्या खडकाळ पट्ट्यात. चांगल्या शेतात सगळ्या रोपांना सारखं पाणी, सारखं खत, म्हणून तिथं एक रोप उंच आणि एक बुटकं असेल तर तो फरक बियाण्याचा. माळावरच्या पट्ट्यातही तसंच. पण हे शेत आणि ते शेत यांच्यातला जो फरक आहे तो पूर्णपणे पाण्याचा आणि मातीचा, बियाणं तर एकाच पोत्यातलं होतं. रिचर्ड लेवॉन्टिन नावाच्या जीवशास्त्रज्ञानं १९७० साली अशाच बियाण्याच्या उदाहरणानं हे समजावून सांगितलं होतं, आणि तरी आजही लोक बेळगाव शहरात टिळकवाडीतल्या पोराची मार्कशीट आणि खानापूरच्या जंगलात कणकुंबीकडच्या पोराची मार्कशीट शेजारी ठेवून रक्ताच्या गप्पा मारतात.

एकाच घरात दोन भाऊ, एक हुशार एक साधा, मग तिथं काय, असं विचारणारे भेटतात. बरोबर आहे की, सख्ख्या भावंडांचे सरासरी निम्मेच जीन्स सारखे असतात, घर एक, शाळा एक, म्हणून तिथं जो फरक दिसतो त्यात जनुकांचा वाटा मोठा असणार, थोडा नशिबाचा. ते एकाच शेतातलं उदाहरण झालं. त्यावरनं दोन शेतांबद्दल निकाल देता येत नाही.

आणि मिनेसोटाच्या अभ्यासातल्या लोकांमध्ये फार गरिबीत वाढलेले नव्हतेच म्हटलं तरी चालेल. म्हणून मला त्यानंतरचं एक संशोधन जास्त महत्त्वाचं वाटतं. २००३ साली एरिक टर्कहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांची माहिती तपासली, आणि त्यात गरीब घरं भरपूर होती. सुखवस्तू घरातल्या पोरांमध्ये आयक्यूच्या फरकाचा मोठा भाग जनुकांचा निघाला, आणि अगदी गरीब घरांमध्ये जनुकांचा वाटा जवळपास शून्यावर आला, तिथं फरकाचा मोठा भाग घराघरातल्या परिस्थितीचा. नंतर युरोप आणि ऑस्ट्रेलियात हेच तपासलं तर गरीब-श्रीमंत असा फरक तितका सापडला नाही, आणि त्याचं एक कारण असं सुचवलं जातं की तिथं गरिबाच्या पोरालाही दवाखाना आणि शाळा बऱ्यापैकी मिळते. हे दोन्ही निकाल एकत्र वाचले की आमच्यासाठी त्याचा अर्थ काय होतो बघा. सरकार जिथं तळाच्या पोरापर्यंत पोचतं तिथं गरिबाच्या पोराचेही जीन्स कामाला येतात. जिथं पोचत नाही तिथं ते दबून राहतात. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलातली गावं पावसाळ्यात तुटतात, नाल्याला पाणी आलं की शाळा नाही, दवाखाना नाही, तिथल्या पोराचे जीन्स कसे आहेत हे आज कोण सांगू शकेल?

पोटाचं बघा. गरोदरपणात आणि लहान वयात आयोडिन फार कमी पडलं तर डोक्याच्या वाढीवर कायमचा परिणाम होतो, आणि आयोडिनची मोठी कमतरता असलेल्या भागातली मुलं इतर भागातल्या मुलांपेक्षा आयक्यूत सरासरी १२-१३ गुणांनी मागं असल्याचं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलंय. एवढा मोठा फरक, आणि उपाय काय तर मिठात चिमूटभर आयोडिन. लोहाचं पण तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी असल्याचं निघालं, म्हणजे तीनातली दोन. रक्तात हिमोग्लोबिनच नाही आणि आपण चर्चा करतोय की रक्तात हुशारी आहे का.

विसाव्या शतकात कितीतरी देशांत आयक्यूचे गुण दर दहा वर्षाला साधारण ३ नं वाढत गेले, न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी हे १९८० च्या दशकात जगापुढं आणलं. दोन पिढ्यांत कुठल्याही समाजाचे जीन्स एवढे बदलत नाहीत. बदललं ते शिक्षण, जेवण, कुटुंबाचा आकार, कामाचं स्वरूप.

एक अभ्यास तर आपल्याच देशातला आणि उसातला आहे, तो चिकोडी, रायबाग, अथणी भागातल्या लोकांना सांगितला की ते चटकन ओळखतात. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, जेव्हा हात तंग असतो, तेव्हा बुद्धीची चाचणी दिली आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर परत दिली. त्याच माणसांनी पैसे आल्यावर जास्त चांगली उत्तरं दिली. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं, त्यावर वाद झाले, फरक किती मोठा यावर मतं वेगळी आहेत. पण ज्या घरात उसाचं बिल अडकलंय, सोसायटीची कर्जाची नोटीस आलीय, त्या घरातला माणूस हिशोबात चुकतो, पोरावर खेकसतो, एकच गोष्ट चारदा विसरतो हे आपण रोज बघतोय. त्या घरातलं पोरगं संध्याकाळी पुस्तक उघडतं तेव्हा त्याच्या डोक्यात पण ते बिलच असतं.

आता जातीचं बोलू, कारण आपल्याकडं ‘रक्त’ म्हटलं की मनातनं बऱ्याचदा जातच म्हटलेली असते. अमुक समाजाला हिशोब उपजत, तमुक समाजाला अभ्यासाची अक्कलच नाही, असली वाक्यं लग्नाच्या पंगतीत अजून ऐकू येतात. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. कुणाची जात काय हे जाहीर केलं नव्हतं तेव्हा सवर्ण आणि दलित मुलं बरोबरीनं सोडवत होती. मग मुलांची नावं जातीसकट मोठ्यानं वाचली, आणि दलित मुलांची कामगिरी खाली आली. मुलं त्याच गावातली, कोडी त्याच तऱ्हेची, फक्त चारचौघांत जात बोलली गेली. वर्गात मास्तरनं ‘तुमच्यात कोण शिकलंय’ असं एकदा म्हटलं तर त्याचा परिणाम किती होत असेल, विचार करा. आमच्या शेजारीच कोल्हापूर आहे, निपाणीतनं तासाभराचा रस्ता. शाहू महाराजांनी १९०१ पासून तिथं एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली, १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा हुकूम काढला. ज्या घरांत शेकडो वर्षं कुणी पाटी हातात घेतली नव्हती त्या घरांतनं एका-दोन पिढीत वकील, शिक्षक, अधिकारी निघाले. घराणं तेच होतं, मिळालं काय तर राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि शिकायचा हक्क.

भाषेचा मुद्दा सीमाभागात टाळताच येत नाही. बेळगावच्या गणपत गल्लीत भाजी घेऊन बसणाऱ्या बाईशेजारी तिची दहा-अकरा वर्षांची पोरगी असते बघा. कन्नड बोलणारी बाई आली की ‘अक्का, किलोगे मूवत्तु’ (ताई, किलोला तीस), मागनं कुणी हिंदीत विचारलं की हिंदीत, आईशी मराठीत, आणि पाव किलोचे साडेसात, मेथीची एक जुडी दहाला, पन्नासची नोट दिली तर परत किती, हे सगळं एकीकडं पिशवी भरत भरत. तीच पोरगी इंग्लिश मीडियमच्या वर्गात गप्प बसते कारण ‘ट्वेंटी फाइव्ह पर्सेंट’ म्हणजे पाव हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, आणि प्रगतिपुस्तकावर ‘स्लो लर्नर’ असा शेरा येतो. तीन भाषांत व्यवहार करणारं डोकं मंद कसं असेल? चाचणी चौथ्या भाषेत घेतली की चाचणी भाषेचीच होते, डोक्याची नाही. माझा इंग्लिशला विरोध नाही, कन्नडला तर अजिबात नाही, इथं राहायचं तर कन्नड यायलाच पाहिजे आणि पोरं ती गल्लीत खेळता खेळता शिकतात पण. पण पहिली-दुसरीत वाचन-गणिताचा पाया घरच्या भाषेत पक्का झाला नाही तर पुढं दहा वर्षं ते पोरगं नुसतं घोकतं, आणि आपण म्हणतो त्याला समजतच नाही. आणि मराठी शाळेत पोरं घातली तरी तिथं दोन वर्गांना मिळून एकच शिक्षक असेल तर नुसत्या अभिमानावर कुणी हुशार होत नाही, हे पण बोललं पाहिजे.

ज्या बुद्धीच्या चाचणीवरनं पुढं एवढं रामायण झालं ती कशासाठी निघाली होती हे पण कुणी सांगत नाही. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी ती तयार केली, शाळेत मागं पडणाऱ्या कुठल्या मुलांना जास्तीच्या मदतीची गरज आहे हे शोधायला. म्हणजे कुणाला जास्त शिकवायचं हे ठरवायला निघालेलं साधन आपण कुणाला शिकवणं बंद करायचं हे ठरवायला वापरतोय.

आणि आता त्यावर धंदा सुरू झालाय. शहरातल्या इंग्लिश मीडियमच्या पालकांच्या मीटिंगमध्ये एखादा टाय घातलेला माणूस येतो, लॅपटॉपला छोटं स्कॅनर जोडलेलं, पोराच्या दहाही बोटांचे ठसे घेतो, हजारो रुपये घेतो आणि रंगीत रिपोर्ट देतो की तुमच्या पोराचा मेंदू अमुक प्रकारचा, त्याला सायन्स घालू नका, कॉमर्स घाला. आईबाप फाईल जपून कपाटात ठेवतात. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि त्यांच्यावरनं बुद्धी किंवा करिअर सांगता येतं याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. जीन्स वाचणाऱ्या शास्त्रज्ञांनासुद्धा एवढं सांगता येत नाही. २०१८ मध्ये ११ लाखांवर लोकांचे जीन्स तपासून त्यात अशी १२७१ ठिकाणं सापडली ज्यांचा शिक्षणाच्या वर्षांशी संबंध लागतो, एकेकाचा परिणाम अगदी किरकोळ, आणि सगळं मिळून केलेल्या मोजणीनं शिक्षणातल्या फरकाचा ११ ते १३ टक्के भाग समजतो, तोही युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये. कोट्यवधी डॉलरचं विज्ञान जिथं एवढं जपून बोलतं तिथं स्कॅनरवाला छातीठोक सांगतो. अशा माणसाला शाळेत पाऊल ठेवू देणाऱ्या मॅनेजमेंटला पालकांनी जाब विचारला पाहिजे.

जी गोष्ट खरंच चालते ती फार स्वस्त आणि साधी आहे. जमैकात किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेली, नऊ ते चोवीस महिन्यांची १२९ गरीब मुलं निवडली. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्य सेविका आठवड्यातनं एक तास जायच्या, दोन वर्षं. काय करायच्या तर घरातल्या डबे-झाकणांची खेळणी बनवायच्या आणि आईला दाखवायच्या की पोराशी बोल, वस्तूंची नावं सांग, जमलं की शाबासकी दे. काही मुलांना फक्त पोषक आहार दिला. वीस वर्षांनी बघितलं तर ज्यांच्या घरी सेविका गेल्या होत्या ती मुलं बाकीच्यांपेक्षा २५ टक्के जास्त कमवत होती, आणि नुसत्या आहाराचा तसा टिकाऊ परिणाम दिसला नाही. हे वाचलं तेव्हा मला आमच्या अंगणवाडीच्या बाईच आठवल्या. १९७५ पासून देशात अंगणवाडी आहे, प्रत्येक गल्लीत आहे, म्हणजे जमैकाला जे मुद्दाम उभं करावं लागलं ते आपल्याकडं आयतं उभं आहे. पण त्या बाईंना आपण कशाला जुंपलंय? सर्व्हे, मतदार यादी, मोबाईलवर फोटो अपलोड, रजिस्टर. पोराशी बोलायला वेळ कुठाय. आणि घरी आई निपाणीत दिवसभर तंबाखूच्या वखारीत नाहीतर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली, तिला कुणी कधी सांगितलंय का की विड्या वळता वळता पोराशी बोललीस, मोजून दाखवलंस तरी त्याचं डोकं वाढतं.

यावर मला सांगितलं जातं की गरिबाची पोरं पण वर येतातच की, पेपरात फोटो येतो, रिक्षावाल्याची पोरगी पहिली. येतात, आणि त्यांचं कौतुक झालंच पाहिजे. पण फोटो न आलेल्या पोरांची मोजदाद कोण करतं? त्या एका पोरीला एखाद्या बाईंनी जवळ केलेलं असतं, एखाद्या मामानं फी भरलेली असते, आणि तिच्यासारखीच दुसरी, जिला बाई आणि मामा मिळाला नाही, ती आज धुणीभांडी करते.

सगळी पोरं सारखी होतील असं मी म्हणत नाही. सगळ्यांना सारखं मिळालं तरी कुणी गणितात पुढं, कुणी मागं हे राहणारच, उलट परिस्थिती जितकी सारखी होईल तितका उरलेल्या फरकात जनुकांचा वाटा जास्त दिसेल. मला त्याची भीती वाटत नाही. आज जो फरक दिसतो तो बघून मात्र झोप येत नाही.

म्हणून जूनमध्ये शाळा भरली की एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, मीटिंगला नुसती सही करायला जाऊ नका, तिथं विचारा. शिक्षकाच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि कधीपासून. आठवड्याची लोहाची गोळी पोरांना मिळते की खोकं तसंच कपाटात आहे. जंताचं औषध दिलं का. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, ताटात अंडं येतंय का. तिसरीतल्या किती पोरांना एक पान न अडखळता वाचता येतं, हे तर तिथल्या तिथं पुस्तक देऊन वाचून घ्या. अंगणवाडीच्या बाईंना यादीच्या कामातनं सोडवायचं पत्र ग्रामपंचायतीकडनं लिहून घ्या. आणि दहावीला गणितात गेलेल्या पोराला फाउंड्रीत चिकटवायच्या आधी बोर्डाची पुढची परीक्षा कधी आहे ते बघा, कर्नाटकात त्याच वर्षी परत बसायची संधी मिळते, फॉर्मची तारीख हेडमास्तरांना विचारा आणि तेवढे दिवस त्याला शिकवायला गावातला कुणी बीएस्सीवाला तयार होतोय का ते बघा, बहुतेक गावांत एकतरी असतो.